वीस वर्षांनंतरचा बाक

सिक्स्टेन ब्रूलुंड ज्या खोलीत काम करायचा त्या खोलीत काहीही घडत नसे, आणि ते नीट घडत नाहीये ना यावर लक्ष ठेवणं हीच त्याची नोकरी होती.

त्रूसविकच्या चाचणी प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर ही खोली. आत बारा लोखंडी चौकटी. प्रत्येक चौकटीत प्लास्टिकची एक पट्टी, दोन्ही टोकं टेकवलेली, आणि मधोमध एक गोल, सपाट डोक्याचं लोखंडी वजन. पट्टी वजनाखाली वाकते. किती सावकाश? तिच्यापुढे गोगलगाय म्हणजे उतारावरून सुटलेली स्कीपटू. पहिल्या दिवशी केसाइतकी वाकते, महिन्यात आणखी एक केस, वर्षात आणखी एक. या धंद्यातले लोक म्हणतात, प्लास्टिक रांगतं. म्हणून खोलीला सगळे रांगणघर म्हणायचे.

रांगणघरात उन्हाळा-हिवाळा बारा महिने तेवीस अंश. दारावर पाटी होती: ‘दार आपटू नये. धावू नये. वजनांना हात लावू नये. शिंक आल्यास बाहेर जावे.’ खाली सही, एस. ब्रूलुंड, १९५७. म्हणजे आपली गोष्ट घडली त्या १९८३ साली त्या पाटीला सव्वीस वर्षं झाली होती आणि या सव्वीस वर्षांत त्या खोलीत एकही शिंक नोंदली गेली नव्हती. एकदा राजधानीहून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याला नाकात काहीतरी झालं तेव्हा सिक्स्टेनने त्याचं कोपर धरून त्याला बाहेर बर्फात नेऊन उभं केलं होतं, आणि परत येताना तो माणूस ‘धन्यवाद’ म्हणाला होता.

सिक्स्टेनचा एकूण स्वभावच त्या पट्ट्यांसारखा होता. नवीन माणूस कामावर आला की हा आठवडाभर त्याच्याकडे नुसता बघायचा आणि मग सांगायचा, ‘हा चार वर्षांत जाईल.’ तो चार वर्षांत जायचा. बेकरीतली दालचिनीची बन कोणत्या वर्षी बशीपेक्षा लहान होणार तेही त्याने काढून ठेवलं होतं. लग्नाआधी बायकोबरोबर तो नऊ वर्षं फिरला. ‘घाईघाईने अंदाज बांधू नये,’ असं त्याचं म्हणणं. ती सांगायची, आठव्या वर्षी मी दुसऱ्या कोणाबरोबर नाचायला गेले तेव्हा कुठे ह्याने वही मिटली.

पण प्लास्टिकच्या बाबतीत मात्र त्याला घाई करावीच लागे. कारण लोक वीस वर्षं टिकणारी वस्तू मागतात आणि उत्तर मात्र पुढच्या महिन्यात मागतात. त्यावरची युक्ती शेजारच्या खोलीतल्या भट्ट्यांत होती. प्लास्टिक गरम केलं की त्याचं घड्याळ पुढे पळतं. रांगणघरात, म्हणजे भट्टीच्या मानाने गार खोलीत, जे वाकायला वर्षं लागतील ते ऐंशी अंशांत काही दिवसांत वाकून दाखवतं. सिक्स्टेन एकाच मालाच्या पट्ट्या चाळीस, साठ आणि ऐंशी अंशांच्या भट्ट्यांत वाकवायचा, एक गार खोलीत ठेवायचा, प्रत्येकीची रेघ पारदर्शक कागदावर काढायचा आणि मग ते कागद एकावर एक ठेवून बोटाने हळूच बाजूला सरकवायचा. त्याच्या आलेखावर एक तास, दहा तास, शंभर तास, हजार तास यांच्यामध्ये अंतर सारखंच असायचं. त्यामुळे सहा आठवड्यांच्या हजार तासांपासून वीस वर्षांच्या पावणेदोन लाख तासांपर्यंतचा प्रवास कागदावर जेमतेम दोन वितींचा. गार रेघेचं शेपूट आणि गरम रेघेचं डोकं जुळलं की सिक्स्टेन ‘हं’ म्हणायचा. त्या ‘हं’वर देशातल्या बऱ्याच बादल्या, खुर्च्या आणि नळ उभे होते.

आता हे सगळं सोवळं पाळणाऱ्या माणसाच्या खोलीत दिवसातून दोनदा सहा माणसं बसून कॉफी प्यायची, हे ऐकून कोणाला नवल वाटेल. पण तेल महागल्यापासून सगळ्या इमारतीत अठरा अंश ठेवायचे असा वरून हुकूम होता, आणि तेवीस अंशांची खोली एकच होती. माणसं ऊब असेल तिकडे जातात. सकाळी साडेनऊला आणि दुपारी अडीचला भिंतीकडच्या सहा खुर्च्यांवर सहा जण दबक्या आवाजात बोलत बसायचे. प्रार्थनेला उशीर झाला तर पाद्री समजून घेतो, कॉफीला उशीर झालेला आमच्याकडे कोणी समजून घेत नाही.

सिक्स्टेनची खुर्ची सगळ्यात आतली, नऊ नंबरच्या चौकटीला लागून. शेजारी एक छोटं लाकडी टेबल. त्यावर त्याचा जाड मातीचा मग. इतक्या वर्षांत टेबलावर मगाचा गोल कोरला गेला होता.

१९८२च्या डिसेंबरात दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे नवा विभागप्रमुख आला. येर्केर स्टोलनाके, वय एकोणतीस, डॉक्टरेट, उंची दाराला नमस्कार करावा लागेल इतकी. मुलगा हुशार, सभ्य, सगळ्यांशी हसून बोलणारा. सगळे त्याला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करायचे, कारण आमच्याकडे साहेबालाही तेच करतात. फक्त एक होतं. तो चहा प्यायचा, आपल्या खोलीत, एकटा, दोऱ्याची पुडी कपात बुडवून. त्रूसविकमध्ये याचा अर्थ काय होतो ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने येताना एक यंत्र आणलं. कागदाची गुंडाळी फिरत राहते आणि एक पेन तिच्यावर पट्टीचा बाक अहोरात्र लिहीत राहतं.

‘सिक्स्टेन, तू पट्टी दिवसातून किती वेळा वाचतोस?’

‘एकदा. सकाळी आठला.’

‘मग बाकीचे तेवीस तास पट्टी काय करते?’

‘वाकते.’

‘पण कशी वाकते?’

‘हळू,’ सिक्स्टेन म्हणाला.

यंत्र ठेवायला नऊ नंबरजवळचं छोटं टेबल अगदी मापाचं निघालं.  सिक्स्टेनने मग उचलला आणि गोल रिकामा केला.

दुसरी गोष्ट म्हणजे गुनवोर ओकेरमू आली. ल्योवकुल्ला इथे जंगलाच्या कडेला तिचा प्लास्टिकचा कारखाना. कामाला चौदा माणसं. बाई पन्नाशीची, आवाज लाकूड कापणाऱ्या करवतीचा, पायांत कायम रबरी बूट. आधी लोण्याचे डबे काढायची, पण लोण्याने कागदाचे कपडे घातले आणि डबे गेले. आता तिने काचतंतू घातलेल्या नायलॉनची पुस्तकांची फळी काढली होती. गावात नवं वाचनालय बांधलं जात होतं आणि आठशे फळ्या हव्या होत्या. वाचनालय समितीची अट एकच: पुस्तकांनी भरलेली फळी वीस वर्षांत मध्यभागी दहा मिलिमीटरपेक्षा जास्त वाकता कामा नये. तसं कागदावर मिळालं तर काम तिचं. नाही मिळालं तर लोखंडी फळ्या, आणि मग चौदा माणसांना काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं.

‘वीस वर्षांनंतरचं सांगायला तुला किती दिवस लागतील?’ तिने पट्ट्यांचं पुडकं टेबलावर आपटत विचारलं.

‘वीस वर्षं. आणि इथे आपटू नकोस.’

‘सिक्स्टेन!’

‘घाई असेल तर सहा आठवडे.’

‘घाई आहे. अठरा फेब्रुवारीला अहवाल समितीकडे गेला पाहिजे. आणि हे बघ, वाकली तर वाकली म्हण. मला खोटं नको. पण उगीच वाकवू नकोस.’

‘मी वाकवत नाही. मी बघतो,’ सिक्स्टेन म्हणाला. पुढे हे वाक्य त्याला फार छळणार होतं.

दहा जानेवारीला, सोमवारी सकाळी आठ वाजता, गुनवोरची पट्टी नऊ नंबरच्या चौकटीत बसली. चार किलोचं वजन. शेजारी येर्केरचं यंत्र पेन टेकवून तयार.

तिसऱ्या आठवड्यात येर्केर कागदाची लांबलचक गुंडाळी खांद्यावरून मफलरसारखी सोडून सिक्स्टेनकडे आला.

‘हे बघ. टेकाडं.’

खरंच होती. रेघ शांतपणे चढत होती आणि मध्येच तिला एक टेकाड यायचं. वीसेक मिनिटं वर, मग खाली, पण अगदी पहिल्या जागी नाही. थोडीशी वरच राहायची आणि तिथून हळूहळू उतरायची. दिवसातून दोनदा. शनिवार-रविवारी नाही.

‘तुझं यंत्र नवीन आहे,’ सिक्स्टेन म्हणाला. ‘त्याला सवय नसेल.’

‘यंत्राला सवय लागत नाही, सिक्स्टेन. मला वाटतं, बंदरातली क्रेन असेल. जमीन हादरत असेल.’

येर्केर बंदरावर जाऊन क्रेनच्या वेळा लिहून घेऊन आला. जुळल्या नाहीत. मग त्याने रेल्वेचं वेळापत्रक आणलं. मग शाळेची घंटा. एक दिवस तर तो खाली वाकून खोलीची फरशी कानाने ऐकत होता, आणि कॉफीला आलेल्या सहा जणांनी त्याला ओलांडून आपापल्या खुर्च्या गाठल्या. हा दाराएवढ्या उंच बुद्धीचा माणूस दुपारी बरोबर अडीचला उठून चहा प्यायला निघून गेला. तिथेच थांबला असता तर ही गोष्ट इतकी लांबली नसती.

सहाव्या आठवड्यात सिक्स्टेन रेघा जुळवायला बसला. त्याने पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवले, सरकवले, पुन्हा सरकवले. भट्ट्यांतल्या तिन्ही रेघा एकमेकींना बहिणींसारख्या जुळत होत्या. गार खोलीची रेघ मात्र जास्त उभी. तिचं शेपूट कोणाच्याच डोक्याला लागेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सिक्स्टेनच्या तोंडून ‘हं’ निघालं नाही.

‘गार खोलीची रेघ खरी धरावी लागेल,’ येर्केर म्हणाला. ‘फळी वाचनालयात राहणार आहे, भट्टीत नाही. आणि त्या रेघेने वीस वर्षांत एकोणीस मिलिमीटर होतात.’

‘एकोणीस?’

‘सुरुवातीला इतकासा तिरपेपणा, पण दोन विती पुढे जाईपर्यंत केवढा होतो बघ ना. शुक्रवारी अहवाल पाठवावा लागेल.’

त्या संध्याकाळी जेवताना सिक्स्टेन वाटाण्याच्या सूपकडे बघत बसला. बायको म्हणाली, ‘वाकतंय का ते?’

बुधवारी दुपारी अडीचला तो नेहमीच्या खुर्चीवर बसला. इन्गेयेर्ड कॉफी ओतत होती. इन्गेयेर्ड म्हणजे कचेरीतली टंकलेखिका, कॉफीच्या पाळ्यांची यादी ठेवणारी, आणि त्यामुळे प्रयोगशाळेतली सगळ्यात शक्तिमान बाई. आदल्याच दिवशी मलईच्या बनचा मंगळवार, ईस्टरच्या उपासांआधीचा खादाडीचा सण, होऊन गेला होता आणि सगळे अजून जडावलेले होते. सिक्स्टेनने मग हातात घेतला, एक घोट घेतला, यंत्राच्या पेनाकडे रागाने बघितलं आणि मग खाली ठेवला.

पेन वर गेलं.

सिक्स्टेनने मगाकडे बघितलं. तो नऊ नंबरच्या वजनावर होता. गोल, सपाट, लोखंडी, अगदी हाताशी, टेबलाच्याच उंचीचं वजन.

त्याने मग उचलला. पेन खाली आलं. ठेवला. वर गेलं.

‘काय करतोयस रे?’ इन्गेयेर्ड म्हणाली. ‘आशीर्वाद देतोयस का?’

सिक्स्टेनच्या चेहऱ्याचा रंग खोलीच्या भिंतीसारखा झाला होता. दारावरच्या पाटीची मागची बाजू त्याला तिथून दिसत होती. मागच्या बाजूला काही लिहिलेलं नव्हतं, पण त्याला सगळं वाचता येत होतं.

तो उठून सरळ येर्केरच्या खोलीत गेला. येर्केरची पुडी कपात बुडत होती.

‘क्रेन सापडली,’ सिक्स्टेन म्हणाला.

‘कुठली?’

‘मी.’

 येर्केरने पुडी बाहेर काढून टेबलावर, अहवालाच्या मसुद्यावरच ठेवली.

‘रोज?’

‘रोज दोनदा. तुझं यंत्र माझ्या टेबलावर बसलं तेव्हापासून. हात आपला आपण गेला. मला पत्ता नाही.’

‘सिक्स्टेन, तू त्या अधिकाऱ्याला बर्फात उभं केलं होतंस!’

‘तो शिंकणार होता.’

येर्केर हसला नाही, हे त्याचं मोठेपण. तो म्हणाला, ‘मग पट्टी गेली. नवी लावायची म्हणजे सहा आठवडे. समिती थांबणार नाही.’

‘थांबणार नाही,’ सिक्स्टेन म्हणाला. ‘पण तिने सांगितलं होतं, उगीच वाकवू नकोस. आणि मी...’  मग तो एकदम खुर्चीवर बसला. ‘येर्केर, प्लास्टिकला आठवण असते.’

‘म्हणजे?’

‘तू शिकलायस ते. प्रत्येक ओझं त्याच्या वेगळं लक्षात राहतं. चार किलो ठेवले त्याची आठवण वेगळी, मग ठेवला त्याची वेगळी, उचलला त्याची वेगळी. सगळ्या आठवणींची बेरीज म्हणजे तुझी रेघ. बेरीज असेल तर वजाबाकीही होते.’

येर्केर ताडकन उठला आणि डोकं दिव्यावर आपटलं. ‘पण त्यासाठी प्रत्येक मग किती वाजता ठेवला आणि किती वाजता उचलला ते मिनिटाला मिनिट माहीत हवं. तुझ्याकडे नोंद थोडीच असणार?’

सिक्स्टेनला पहिल्यांदाच बरं वाटलं. ‘तू इथला नाहीस,’ तो मायेने म्हणाला.

इन्गेयेर्डने यादी आणली. दहा जानेवारीपासून प्रत्येक दिवसाची कॉफी: कोणाची पाळी, कोणती बन, किती वाजता सुरू, किती वाजता संपली. साडेनऊ ते नऊ पन्नास. अडीच ते दोन पन्नास. येर्केर डोळे फाडून बघत राहिला.

‘एकही दिवस चुकला नाही?’

‘चुकायला काय झालं?’ इन्गेयेर्ड दुखावून म्हणाली. ‘काल मात्र सत्तेचाळीस मिनिटं झाली. मलईची बन पाच मिनिटांत खायची असते का? आणि सत्तावीस तारखेला सकाळी सिक्स्टेन नव्हता. दातवाल्याकडे होता.’

येर्केरने गुंडाळी उलगडली. सत्तावीस जानेवारीला एकच टेकाड होतं, आणि शेजारी त्याने स्वतःच लाल शाईने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलेलं.

‘म्हणजे आत्ताचा धरून पंचावन्न मग,’ सिक्स्टेन म्हणाला.

आता मगाचं वजन. रिकामा तीनशे साठ ग्रॅम, भरलेला सहाशे. पण तो वीस मिनिटांत रिकामा होत जातो, म्हणजे ओझं दर घोटाला कमी होतं. त्यामुळे गुरुवारी सकाळी साडेनऊला त्रूसविकच्या इतिहासात प्रथमच डॉक्टर स्टोलनाके कॉफीला हजर झाला. समोर तराजू, हातात घड्याळ. सिक्स्टेनने तराजूवर मग ठेवून, उचलून, घोट घेऊन पुन्हा ठेवायचं.

‘नेहमीसारखा पी,’ येर्केर म्हणाला.

‘तू असा बघत असल्यावर कोण नेहमीसारखं पिणार?’

‘घोट मोठा घेतलास. रोज इतका घेतोस?’

‘घेतो,’ इन्गेयेर्ड मध्येच म्हणाली. ‘पहिला मोठा असतो. मग बनचा तुकडा. मग दोन लहान. मग खिडकीकडे बघतो.’

‘खिडकीकडे किती वेळ?’

‘हिवाळ्यात कमी. बघायला काही नसतं.’

येर्केरने सगळं लिहून घेतलं. शेवटी, कदाचित थकव्याने, त्यानेही एक कप घेतला, आणि सहा जणांनी एकमेकांकडे न बघता ते बघितलं.

गुरुवारी दुपारभर वजाबाकी चालली. एकेक मग, एकेक आठवण. संध्याकाळी चार वाजता सिक्स्टेनने धुऊन काढलेल्या रेघेचा कागद भट्टीच्या रेघेवर ठेवला आणि बोटाने सरकवला. शेपूट डोक्याला लागलं. तिथून साठ अंशांची रेघ, तिथून ऐंशीची, आणि वीस वर्षांवर आठ मिलिमीटर.

‘हं,’ सिक्स्टेन म्हणाला.

‘आता अहवालात काय लिहू?’ येर्केरने विचारलं. ‘‘बाह्य भार’ म्हटलं तरी चालेल. कोणी विचारणार नाही.’

 सिक्स्टेनचं सव्वीस वर्षांचं नाव होतं. तरी तो म्हणाला, ‘तिने खोटं नको म्हणून सांगितलंय. लिही. ‘तपासनिसाचा कॉफीचा मग, पंचावन्न वेळा.’’

वाचनालय समितीची अध्यक्ष राग्नहिल्ड एकवाल ही सत्तरीची निवृत्त मुख्याध्यापिका होती. तिने अहवाल बैठकीत मोठ्याने वाचला. ते वाक्य आलं तेव्हा ती थांबली, चष्मा खाली केला आणि समोर बसलेल्या सिक्स्टेनला विचारलं,

‘दूध घालतोस?’

‘नाही.’

‘मग हिशेब विश्वास ठेवण्यासारखा आहे,’ ती म्हणाली आणि पुढे वाचू लागली. एका सभासदाने लाकडाचं काय वाईट होतं असं विचारलं, पण तो प्रत्येक बैठकीत ते विचारायचा.

तरी समितीच ती. तिने मधला मार्ग काढला. चारशे फळ्या आत्ता. उरलेल्या चारशे एका वर्षाने, आणि त्याही एका फळीचा बाक अंदाजाशी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळला तर. वर्षाने किती वाकलेली असेल ते सिक्स्टेनने तिथेच सांगितलं: पाच पूर्णांक चार. राग्नहिल्डने ते आकडे पाकिटात घालून लाख लावली. आणि फळी अशी निवडायची जिच्यावरचं ओझं वर्षभर हलणार नाही. यावर सगळ्यांचं चटकन एकमत झालं: संसदेच्या कामकाजाचे बांधीव खंड, जुने, चोवीस. ते कोणी घरी न्यायला मागितले असते तर ग्रंथपालाने आधी त्या माणसाच्या घरी फोन करून सगळं ठीक आहे ना असं विचारलं असतं.

बाहेर पायऱ्यांवर गुनवोरने सिक्स्टेनच्या पाठीत थाप मारली. ‘पंचावन्न मग! मूत्राशय आहे की टाकी?’

‘राग नाही ना?’

‘राग? अरे, माझी फळी तुझ्यासकट टिकली. पण पाच पूर्णांक चार नक्की ना? वाकली जास्त तर माझी अर्धी माणसं घरी.’

‘नक्की.’

‘नक्की म्हणजे नक्की?’

‘गुनवोर, मी लग्नाला नऊ वर्षं घेतली.’

सिक्स्टेनने परत जाऊन दारावरच्या पाटीत स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: ‘कॉफी बाहेर.’ त्यामुळे सगळे अठरा अंशांच्या बोळात टोप्या घालून कॉफी पिऊ लागले आणि दर घोटाला त्याच्या नावाने काहीतरी म्हणू लागले. येर्केर रोज यायचा. तो दूध घालायचा, पण त्याला सांभाळून घेतलं.

वर्षाने मार्चमध्ये वाचनालयात चार माणसं त्या फळीपुढे उभी राहिली: राग्नहिल्ड पाकीट घेऊन, सिक्स्टेन ताणलेला दोरा आणि मापपट्टी घेऊन, येर्केर वही घेऊन आणि गुनवोर, रविवारचे बूट घालून. सिक्स्टेन गुडघ्यांवर बसला. मोजलं. पुन्हा मोजलं.

‘चार पूर्णांक सात,’ तो म्हणाला.

गुनवोरने टाळी वाजवली. ‘कमी वाकली! बघा! सांगितलं होतं ना!’

राग्नहिल्डने लाख फोडली. ‘पाच पूर्णांक चार. फरक शून्य पूर्णांक सात.’ तिने चष्मा खाली केला. ‘अर्ध्याच्या बाहेर.’

‘पण चांगल्या बाजूला आहे!’

‘अट इकडे किंवा तिकडे अशी आहे, गुनवोर. तू ऐकत होतीस.’

 सिक्स्टेन अजून गुडघ्यांवरच होता. कमी वाकली हे त्याला जास्त वाकण्याइतकंच लागलं होतं. जे प्लास्टिक सांगितल्यापेक्षा कमी वाकतं त्याच्यावर तरी कसा भरवसा ठेवायचा? त्याने फळीकडे बघितलं. खंड एकमेकांवर किंचित कलून उभे होते, बाकावर माणसं सैल बसतात तसे. त्याने बोटाने मोजायला सुरुवात केली.

‘एकवीस,’ तो म्हणाला.

‘चोवीस आहेत,’ राग्नहिल्ड म्हणाली.

‘एकवीस. सात, आठ आणि अकरा नाहीत.’

ग्रंथपालाला बोलावलं. तो चिठ्ठ्यांचा खण घेऊन आला, कपाळाला आठ्या घालून त्याने तीन चिठ्ठ्या काढून वाचल्या. मग त्या राग्नहिल्डकडे दिल्या.

‘गुनवोर ओकेरमू,’ राग्नहिल्डने वाचलं. ‘तीन ऑक्टोबर. मुदत वाढवली, मुदत वाढवली, मुदत वाढवली.’

सगळे गुनवोरकडे बघू लागले. ती बुटांकडे बघत होती.

‘झोप लागत नव्हती मला,’ ती म्हणाली. ‘वाटलं, थोडं ओझं कमी केलं तर... फळीला बरं वाटेल.’

‘फळीला बरं वाटेल?’ सिक्स्टेन उठला. त्याचे गुडघे करकरले. सगळ्या आयुष्यात त्याचा आवाज इतका चढला नव्हता, आणि तोही वाचनालयात. ‘मी तुला नक्की म्हटलं होतं! नक्की म्हणजे नक्की! तुझा माझ्या रेघेवर विश्वास नाही?’

‘पंचावन्न मग कोणी ठेवले होते?’

सिक्स्टेनने गुडघ्यांवरची धूळ झटकली.

‘ते मी लिहून दिलं होतं,’ तो म्हणाला.

‘मग मीही लिहून देते,’ गुनवोर म्हणाली. ‘दे तो कागद. ‘तीन खंड, तीन ऑक्टोबरपासून, मी नेले.’ अजून काय लिहू? ते गाडीच्या डिकीत आहेत. वजन हवं असेल तर आत्ता काढून आणते, माझी पाठ जाणते ते.’

येर्केरने आधीच वही उघडली होती. ‘तारीख चिठ्ठीवर आहे,’ तो म्हणाला. ‘खंडाचं वजन आणता येईल. सिक्स्टेन, वजाबाकी होते.’

ग्रंथपालाच्या टेबलावर एक तास आकडेमोड चालली. तराजू पोस्टातून उसना आणला. सात, आठ आणि अकरा हे खंड पार्सलांच्या तराजूवर चढले आणि तो घेऊन आलेल्या पोस्टातल्या बाईने कुठे पाठवायचे म्हणून विचारलं. येर्केरने आकडे मांडले, सिक्स्टेनने खोडले, येर्केरने पुन्हा मांडले. शेवटी सिक्स्टेनने एक आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. एकवीस खंडांची, ऑक्टोबरपासून हलकी झालेली फळी आज जितकी वाकायला हवी तितका बाक: चार पूर्णांक आठ.

‘मोजला चार पूर्णांक सात,’ येर्केर म्हणाला.

राग्नहिल्डने दोन्ही कागद शेजारी ठेवले, एक गुनवोरच्या सहीचा, एक सिक्स्टेनच्या, आणि आळीपाळीने दोन्ही वाचले. शिक्षिका असताना दोन मुलांनी एकाच वेळी खरं सांगितलं की ती अशीच एकाकडून दुसऱ्याकडे बघत असणार. मग तिने पेन काढलं आणि उरलेल्या चारशे फळ्यांच्या कागदावर सही केली.

‘एक विचारू?’ ती गुनवोरला म्हणाली. ‘पाच महिने खंड घरी होते. काही वाचलंस?’

‘डिकीत होते म्हटलं ना.’

‘अजिबात नाही?’

‘अकरावा एकदा उघडला,’ गुनवोर म्हणाली. ‘गाडी बर्फात रुतली होती, वाट बघत बसले होते. रस्त्यांवरच्या बर्फाबद्दलच भांडत होते सगळे.’

‘मग काय ठरलं?’ सिक्स्टेनने विचारलं.

‘काय माहीत. तेवढ्यात ट्रॅक्टर आला.’